दावतनामा

नोटाबंदी जाहीर होऊन पंधरा दिवस झाले होते. लेकीचा निकाह २५ डिसेंबर २०१६ ला ठरला होता आणि मी चिपळूणमधल्या एका बँकेत रांगेत उभी होते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम ऑक्टोबरातच खात्यावर जमा झाली होती, पण आठवड्याला चोवीस हजारांच्या वर हातात पडत नव्हते. लग्नघराला अडीच लाखांपर्यंत काढता येतील, असं मधल्या काळात जाहीर झालं होतं. त्याच्या अटी होत्या. छापील लग्नपत्रिका दाखवायची, हॉलच्या आणि आचाऱ्याच्या आगाऊ रकमेच्या पावत्या जोडायच्या, आणि पैसे काढायचे ते आई-वडिलांपैकी एकानं किंवा मुलीनं स्वतः.

काउंटरमागचे साहेब भले होते. त्यांच्या मुलीला मी तिसरीत शिकवलं होतं. म्हणाले, "बाई, पत्रिका द्या, बाकी कागद मी बघून घेतो. पैसे तुम्ही काढणार की मुलीचे वडील?"

"मीच."

"मग वडील काढणार नाहीत, एवढं लिहून द्या."

पत्रिका मात्र छापलेली नव्हती. तिचा कच्चा नमुना आठ दिवसांपासून माझ्या पर्समध्ये घडी घालून पडला होता. त्यात एक ओळ मोकळी होती. छापखान्याच्या चाचांनी तिथे पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती. त्या फुलीच्या जागी काय लिहायचं, आणि ज्याचं नाव लिहायचं त्याला बोलवायचं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. नोटाबंदीनं अनेकांची अनेक प्रकारे अडवणूक केली. माझी अशी केली.

त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. बोलताना मी त्यांना 'ते' म्हणते. मनात 'तो' म्हणत आले. आणि घरात आम्ही आमची कोकणी बोलतो, ते संवाद इथे शाळेतल्या मराठीत उतरवते आहे, हेही सांगून टाकते.

आमचा निकाह १९८८ चा. ते कुवेतला एका गोदामात कारकून होते. दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवर तेव्हा असं घर शोधून सापडलं नसतं, ज्यातला एक तरी पुरुष आखातात नाही. दोन वर्षांत मी त्यांना मोजून चार महिने पाहिलं. २ ऑगस्ट १९९० ला इराकची फौज कुवेतमध्ये शिरली आणि लाखाहून अधिक हिंदी माणसं अडकली. वाळवंटातून बसनं, मग जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं माणसं आणली गेली. तेही तसेच आले. हातात एक रेक्झिनची पिशवी. तिथल्या बँकेतली बचत गेली, पगार बुडाला. बहिणीच्या लग्नाचं कर्ज मात्र इथे तसंच होतं. गेला होता तो माणूस परत आला नाही, असं त्यांची आई म्हणायची. ते खरंही होतं. चिडणं, न बोलणं, जेवणाचं ताट सरकवणं. हात कधी उगारला नाही, हे मी कबूल करते. १९९१ मध्ये मुलगी झाली. १९९२ मध्ये ते पुन्हा गेले, या वेळी सौदीला. पत्रं विरळ होत गेली.

१९९५ च्या पावसाळ्यात पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन माहेरी आला. मला वाटलं, ड्राफ्ट असेल. मी हात पुसून पोचपावतीवर सही केली आणि पाकीट फोडलं. तीन वेळा लिहिलेला तो एकच शब्द आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मेहेरचे अडीच हजार आणि इद्दतच्या खर्चाची रक्कम जमातीकडे पाठवल्याचं शेवटी लिहिलं होतं. स्वतःच्या तलाकची पोच मी स्वतःच दिली, या गोष्टीवर पुढे बायका हळहळायच्या. मला मात्र पोस्टमनचा चेहरा आठवतो. तो ओल्या छत्रीसकट ओट्यावर उभा होता, काहीतरी मिळेल म्हणून. मनीऑर्डर किंवा ड्राफ्ट आला की आम्ही त्याला दोन रुपये द्यायचो.

ज्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, त्यांचं मिरजोळी गाव आमच्याच तालुक्यातलं. लहानपणी आमच्या घरात ते नाव कुणी घेतलं तर अब्बा पान थुंकायला उठून जायचे. माझं पत्र आलं त्या रात्री तेच अब्बा भाईला म्हणाले, "तो मिरजोळीचा काही अगदीच खोटं बोलत नव्हता." त्यापुढे ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी अल्लाला प्यारे झाले.

मी डी.एड. केलं. भाईनं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, फी भरली. शिवणाचं मशीन चालवलं, शिकवण्या घेतल्या. २००० साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजारांवर. मुलांचं पोषण बापाकडून मागण्याचा हक्क तलाकनंतरही फौजदारी कायद्याच्या १२५ कलमाखाली उरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये स्पष्ट केलं होतं. एका वकीलबाईंनी मला ते नीट समजावलं होतं. मी गेले नाही. लोक त्याला माझा सबर म्हणायचे. त्यात सबर किती आणि हट्ट किती, ते मला माहीत होतं. त्यांच्या एका पैशाशिवाय मुलगी वाढवून दाखवायची होती. मुलीला त्या पैशाची गरज होती का, हे मी तिला विचारलं नव्हतं.

तर आता पेन्सिलीची फुली.

निकाह ठरल्यावर काझीसाहेब घरी आले, चहा घेतला आणि वही उघडून विचारलं, "मुलीचा वली कोण?"

मी म्हटलं, "भाई आहेत ना."

काझीसाहेब चष्मा काढून पुसू लागले. वाचकांपैकी जे कोकणातले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही शाफई. आमच्याकडे वलीशिवाय मुलीचा निकाह होत नाही. वली म्हणजे बाप, बाप नसेल तर बापाचा बाप, मग भाऊ, मग चुलते, असा तो क्रम बापाकडूनच चालतो. आईकडचं कुणी त्यात नाही. मामा तर नाहीच. ज्या मामानं पाचवीपासून पदवीपर्यंत तिच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली, टायफॉइडमध्ये सात रात्री उशाशी बसून काढल्या, त्याचा निकाहच्या वहीत कुठेच रकाना नव्हता. आमच्या शेजारच्या मराठ्यांच्या घरी मुलीला मंडपात मामाच आणतो. लहानपणापासून ते बघत आलेला आमचा भाई त्या दिवशी काही न बोलता उठून परसात गेला आणि नारळाची झापं ओढत बसला.

"बाप दूर देशी असता, पत्ता नसता, तर मी काझी म्हणून वली झालो असतो," काझीसाहेब म्हणाले. "पण माझ्या माहितीप्रमाणे ते सौदीहून कायमचे परत आलेत. मुंब्र्याला असतात. मुंब्रा काही दूर देश नाही."

माझी धाकटी बहीण साताऱ्याकडे दिली आहे. तिचे यजमान हनफी. ते म्हणाले, "आमच्यात सज्ञान मुलगी स्वतःच्या जबाबावर निकाह करते. मग आमच्या पद्धतीनं करून टाका." काझीसाहेब हसले. "दोन तासांसाठी मजहब बदलायचा का, मियाँ?" मग मला म्हणाले, "एक मार्ग आहे. बापानं कुणाला तरी वकील नेमून लिहून दिलं तर तो वकील निकाह लावून देऊ शकतो. बापानं यायलाच हवं असं नाही. लिहून आणा."

हा मार्ग मला फार आवडला. त्याच रात्री मी कागद घेतला. सोळा वर्षं गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहून हात बसलेला. विषय, संदर्भ, आणि तीन ओळींचा मजकूर: मुलीचा निकाह अमुक तारखेस ठरला आहे, सबब आपण सोबतच्या नमुन्यात वकालतनामा सही करून पाठवावा. खाली फक्त सही. दावत नाही, सलाम नाही. पाकिटावर पत्ता घातला आणि वरच्या कोपऱ्यात 'रजिस्टर ए.डी.' असं लिहिलं. लिहिल्यावर बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. पाकीट टाकलं नाही. फाडलंही नाही. गादीखाली ठेवलं.

या काळात सल्ले भरपूर मिळाले. त्या दिवसांत टीव्हीवर तिहेरी तलाकची चर्चा रोज चालू होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. पडद्यावर दाढीवाले आणि बिनदाढीचे एकमेकांवर ओरडत असायचे, आणि आमच्या ओट्यावर बायका मटार सोलत माझं प्रकरण चालवत असायच्या. बोलावलंस तर लोक म्हणतील, बाई अजून त्याच्या वाटेकडे डोळे लावून आहे. नाही बोलावलंस तर नवऱ्याकडचे म्हणतील, मुलीला बाप असून नसल्यासारखा. पलीकडच्या खालांनी एक नवाच मुद्दा काढला, की तो आता तुला नामेहरम आहे, त्याच्याशी बोलणार कशी? मी म्हटलं, "खाला, बँकेतले साहेब नामेहरम आहेत, एसटीचा कंडक्टर नामेहरम आहे, माझे हेडमास्तर नामेहरम आहेत. त्यांच्याशी बोलूनच मी हे घर चालवलं." खाला गप्प झाल्या, पण मटार सोलायचं थांबल्या नाहीत.

आपा, म्हणजे माझी चुलतबहीण, तिनं सरळ विचारलं, "तुला भीती कशाची वाटते? तो येईल याची, की येणार नाही याची?" आपाला चौथीच्या पुढे शाळा नाही. मी तिला उत्तर दिलं नाही.

खरं तर मला तिसरीच भीती होती. मी बोलवायचं, त्यानं 'बघतो' म्हणायचं. एकवीस वर्षं ज्याच्याकडे काही मागितलं नाही, त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागायचं, आणि तेही असं की ज्याशिवाय माझ्या मुलीचा निकाह अडावा. शाळेची फी नाही, औषध नाही, एक फ्रॉक नाही. पण ऐन वेळी एक वाक्य बोलण्याचा अधिकार मात्र शाबूत. तलाकच्या आयतींमध्ये एकमेकांशी चांगुलपणानं वागण्याची ताकीद पुन्हा पुन्हा आली आहे, हे मी वाचलं होतं. ती ताकीद प्रथम कुणी पाळायची होती, असं मला विचारायचं होतं. काझीसाहेबांना विचारून काय उपयोग? ते बिचारे क्रम सांगायला आले होते.

बँकेतून रिकामी परतले त्या संध्याकाळी मुलगी ठाण्याहून आली होती. तिथे एका दवाखान्यात ती प्रयोगशाळेचं काम बघायची. मी तिला सगळं सांगितलं, गादीखालचं पाकीटही दाखवलं. तिनं ते वाचलं. मग अगदी हळू म्हणाली, "अम्मी, हे पाठवू नकोस. हवं तर मी अब्बांशी बोलते."

'अब्बा' हा शब्द तिनं सहज उच्चारला. जिभेला सवय असल्यासारखा.

"कशी बोलणार? तुझ्याकडे नंबर आहे?"

ती गप्प बसली. मग सांगितलं. ठाण्याला नोकरीला लागल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती मुंब्र्याला जात होती. महिन्या-दोन महिन्यांनी. पहिल्यांदा त्यांनीच कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला होता. तिथे तिचे दोन सावत्र भाऊ होते, लहानगा दहावीत. त्याला ती गणित शिकवायची. दादी होती, जिला आता नीट दिसत नव्हतं आणि जी प्रत्येक वेळी तिचा चेहरा हातानं चाचपून बघायची.

माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी मनाई केली नव्हतीस."

"विचारलं असतंस तर?"

"तर केली असतीस."

खोटं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना तांदूळ निवडायला घेतले. रागाचं मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य याचं वाटलं की राग त्यांच्यावर नव्हता, मुलीवरही नव्हता. दादीवर होता. त्या म्हातारीचा चेहरा चाचपणारा हात मला दिसत होता. माझ्या बाळंतपणात त्याच हातानं तिनं मला चाळीस दिवस शेकलं होतं. तलाकनंतर दोनदा ती एसटीनं आमच्या गावी आली होती आणि दोन्ही वेळा मी आतून कडी लावली होती.

थोड्या वेळानं मुलगी पाठीमागे येऊन बसली. मी विचारलं, "कसे आहेत?" एवढंच.

ती म्हणाली, "साखर आहे. गोळ्या वेळेवर घेत नाहीत. मुलांशी भांडतात. रिक्षाचे पैसे मलाच द्यायला लावतात. तुला वाटतं तेवढे ते वाईट नाहीत, अम्मी. आणि तुला वाटतं तेवढे मोठेही नाहीत."

हे वाक्य मी बरेच दिवस चघळलं. माझ्या मनातला तो माणूस १९९५ मध्ये थांबला होता. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, दाट मिशांचा, सौदीहून एका पाकिटानं माझं घर मोडू शकणारा. त्या माणसाला दावत द्यायची की नाही यावर मी झगडत होते. मुंब्र्यात मात्र एक साखरेचा रोगी रिक्षाच्या पैशांवरून कुरकुरत होता.

"तुझं म्हणणं काय आहे?" मी विचारलं. "त्यांनी यावं का?"

"यावं असं मला वाटतं. पण माझ्यासाठी म्हणून बोलावू नकोस. मग तू दिवसभर माझ्याकडे बघून हसत राहशील आणि मला ते बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले. फुलीच्या जागी मुलीच्या नावापुढे 'बिन्ते' आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. बापाचं नाव बदलता येत नाही, आणि ते लपवण्यात मुलीचीच मान खाली जाते, इतपत माझं ठरलं होतं. खाली 'मुतमन्नी-ए-शिरकत'मध्ये मात्र माझं आणि भाईचं नाव. चाचांनी दोनदा वाचलं. "बाई, बाप हयात आहे ना? मग दावत देणारे दुसरे?" मी म्हटलं, "ज्याच्या घरी चूल पेटते तो दावत देतो, चाचा." त्यांनी मान हलवली आणि कंपोझला दिलं. तिसऱ्या दिवशी पत्रिका हातात आली, चौथ्या दिवशी बँकेतून पैसे. साहेबांनी पत्रिका वाचून फाइलला लावली, काही विचारलं नाही.

त्यांना बोलवायचं की नाही, ते अजून ठरलंच नव्हतं. ठरला होता तो फक्त वकालतनामा. तो आणायला भाईच जाणार म्हणाला. मी पाकीट पोस्टात टाकू नको म्हटलं, तेव्हा त्याला बरं वाटलं असावं. सकाळच्या पॅसेंजरनं तो दिव्याला उतरला आणि तिथून मुंब्र्याला गेला. पत्रिका सोबत दिली नव्हती.

रात्री उशिरा परतला. जेवायला बसला, पण मला आधी खिशातला कागद काढून दिला. वकालतनामा होता. त्यांच्याच अक्षरात, आधीच्यापेक्षा थरथरतं. आणि वकील म्हणून नाव होतं भाईचं. माझ्या मुलीच्या मामाचं.

"मी सांगितलं नव्हतं," भाई म्हणाला. "मी म्हटलं, काझीसाहेबांचं नाव घाला. तर म्हणाले, नाही, जो बापाच्या जागी उभा राहिला तोच तिथे उभा राहू दे."

"आणि?"

"आणि चहा दिला. साखर फार होती. स्वतः बिनसाखरेचा घेतात."

"आणि?"

भाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "विचारत होते, आता मी आलो नाही तरी निकाह अडत नाही. तर मग येऊ की नको? म्हणाले, तिला विचारा. तिला जे बरं वाटेल ते."

तिला विचारा. ते माझं नाव घेत नव्हते, जसं मी त्यांचं घेत नव्हते. लग्नाच्या सात वर्षांत कुवेतला जाताना, सौदीला जाताना, पत्र लिहिताना, एकदाही मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. शरीयतची सक्ती होती तोवर बरं होतं. बोलावलं असतं तर म्हणता आलं असतं, काय करणार, वली आहे. आता ती आड राहिली नव्हती. निकाह त्यांच्याशिवाय सुरळीत होणार होता. बोलावलं तर ते फक्त मी बोलावलं म्हणून.

चार दिवस गेले. वड्यांचं पीठ दळून आलं, मांडववाला येऊन माप घेऊन गेला. शाळेत वर्गातल्या मुलांना मी एकच शुद्धलेखन दोनदा घातलं. एका मुलीनं दाखवून दिलं, "बाई, हे काल झालं."

पाचव्या दिवशी पाकिटांवर नावं घालत बसले होते. दोनशे ऐंशी पाकिटं. नाव, गाव आणि पुढे 'मय अहल-ओ-अयाल'. हात यंत्रासारखा चालला होता. मध्येच एका कोऱ्या पाकिटावर मी त्यांचं नाव लिहिलं. लिहिताना विशेष काही झालं नाही. मुंब्र्याचा पत्ता लिहिला. मग हात सवयीनं पुढे गेला, 'मय अहल...' आणि थांबला. अहल-ओ-अयाल म्हणजे बायको-मुलं. कधीकाळी त्या शब्दात मी होते, मुलगी होती. आता त्यात एक बाई होती जिला मी पाहिलं नव्हतं, आणि तिचे दोन मुलगे, ज्यांतल्या एकाला माझी मुलगी गणित शिकवत होती. एकट्या माणसाला बोलवायचं तर ते पाकीट इथेच बंद करता आलं असतं. पण एकटे आले असते तर ते कोण म्हणून आले असते? माझे कुणीतरी म्हणून. ते मला नको होतं. मी शब्द पुरा केला.

पाकीट मुलीच्या हाती दिलं नाही. फोन मीच केला, तिच्या मोबाइलवरून. पलीकडून "बोल बेटा" असा आवाज आला. मी म्हटलं, "मी बोलतेय." बराच वेळ काही ऐकू आलं नाही, फक्त मागे कुकरची शिटी. मी सांगितलं, निकाह जोहरनंतर आहे. नाताळची गर्दी आहे, कोकणकन्येचं आरक्षण मिळणार नाही, गाडी करून या. दादींना जिने चढवत नसतील, तर बायकांची सोय खालच्या पडवीत केली आहे. सगळ्यांना घेऊन या. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "कसली मदत..." मी म्हटलं, "नको. आचाऱ्याचे पैसे देऊन झालेत." आणि ठेवून दिला. सगळं मिळून दीड मिनिट. नंतर मुलीनं मला पाणी दिलं. मी मागितलं नव्हतं.

ते आले. सुमोतून सातजण. मी पडवीतून पाहिलं. मिशा नव्हत्या, पांढरी दाढी होती, आणि गाडीतून उतरताना त्यांनी दाराला धरलं. दादीला दोघांनी उचलून आणलं. मी पुढे होऊन तिचा हात धरला. तिनं माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, मग हनुवटीवरचा तीळ, आणि म्हणाली, "कडी काढलीस होय." बायका हसल्या, त्यांना काही कळलं नव्हतं. मी तिला आत नेलं.

निकाह पुरुषांच्या बाजूला झाला. माईकवर काझीसाहेबांचा आवाज, मग भाईचा. वकील म्हणून त्यानं ते वाक्य उच्चारलं, मध्ये एकदा अडखळला, पुन्हा पहिल्यापासून बोलला. मुलीचे वडील तेव्हा दुसऱ्या रांगेत बसले होते, असं मला नंतर कळलं. भाईनं पुढे या म्हटलं होतं. ते उठले नाहीत.

त्यांच्या बायकोशी माझं बोलणं झालं ते गरम पाण्यावरून. दादीला गोळी घ्यायची होती. मी पाणी दिलं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, गोरी, थकलेली. तिच्याकडे बघून मला ईर्षा वाटेल अशी तयारी मी केली होती. ती वाटली नाही. कणव वाटली असं म्हणणंही खोटं होईल. ती म्हणाली, "सांदण फार मऊ झालीत." मी म्हटलं, "तांदूळ घरचा आहे." मग दोघींनी दादीला उठवून बसवलं.

२२ ऑगस्ट २०१७ ला निकाल लागला. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला. २०१९ मध्ये तो गुन्हाही झाला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. शाळेत सहकारी बाई पेढे घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा हेतू चांगला होता, मी पेढा खाल्ला. बायकांना पत्र पाठवून मोकळं होणं बंद व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. पण कुणी म्हणालं, "तेव्हा हा कायदा असता तर तुमचा नवरा तुरुंगात असता," तर मला काय उत्तर द्यावं ते सुचायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा गाडीच्या दाराला धरणारा हात यायचा, आणि त्याच्या जोडीला ओल्या छत्रीचा पोस्टमनही. दोन्ही तितकेच स्पष्ट.

त्यानंतर मी त्यांना भेटलेले नाही. मुलगी जाते, तिची मुलंही जातात. दादी २०१९ मध्ये गेली. मी मयतीला गेले नाही, मुंब्र्याला तीन दिवसांनी जाऊन त्यांच्या बायकोला भेटून आले. ते मशिदीत होते.

निघताना त्या दिवशी मी दादीसाठी सांदणांचा एक स्टीलचा डबा बांधून दिला होता. अम्मीच्या वेळचा, घट्ट झाकणाचा, खाली अब्बांचं नाव कोरलेला. तो अजून परत आलेला नाही. मुलगी दर वेळी म्हणते, मागून आणू का? मी म्हणते, असू दे, आणि मग नवीन डब्याचं झाकण सैल निघालं की पुन्हा चिडते.